कोरसमधली तिसरी

माइक एक, बायका चार.
मी डावीकडून तिसरी,
उंची जास्त म्हणून एक पाऊल मागे.
नारायण पेठेतलं तळघर, वर पिठाची गिरणी.
गिरणी थांबली की टेक.

बुवा गाण्यात विचारायचा, येशील का,
आम्ही म्हणायचं, हो.
विचारायचा, लाजलीस का,
आम्ही, हो हो.
पदर ओढायचा, गाण्यातच अर्थात,
माणूस भला होता, उशीर झाला की रिक्षाचे पैसे द्यायचा,
तेव्हा आम्ही एक लांब हाय,
ज्याचे पाच रुपये वेगळे मिळत.

अकरा वर्षं.
घरी सांगितलेलं, शिवणाचा क्लास.
वरातीत, मांडवात, टपरीवरच्या टेपमध्ये
मी हो म्हणत होते
आणि आमच्याकडे कुणाला आवाज ओळखू आला नाही.
एकदा लक्ष्मी रोडवर सासूबाईंबरोबर
फॉलचा रंग जुळवत उभी,
दुकानात तेच लागलेलं.
त्या म्हणाल्या, काय बाया असतात एकेक.
मी म्हटलं, हो ना.

कॅसेटच्या कागदावर गायकाचं नाव,
ढोलकीवाल्याचं, बेंजोवाल्याचं,
गिरणीमालकांचे आभार,
आणि मग आम्ही:
आणि सहकारी.

परवा एक मुलगी आली, दत्तवाडीची.
करुणा ओव्हाळ. गाते तेव्हा नाव कर्कशा.
मी म्हटलं, असं कसं गं नाव?
म्हणाली, शाळेत बाई म्हणायच्या,
फुकट मिळालंय तर वापरते.
तिला जुन्या बाजारात ती कॅसेट सापडलेली.
त्यातला आमचा हो तिने कापून काढलेला,
मोबाइलवर ऐकवला.
नुसता हो. अलीकडे पलीकडे कुणी काही विचारतच नाही.
असा उघडा कधी ऐकला नव्हता.
कोवळा होता. चोवीस वर्षांचा.

काकू, हा घेऊ का? पैसे देईन, थोडेच आहेत.
आणि याच सुरात
एक नाही हवाय.

तिची खोली. भिंतीला अंड्यांचे ट्रे,
दारावर आईची गोधडी ठोकलेली.
खाली कुणाचा तरी कुकर, शिट्ट्या संपल्या की टेक.
(इतकी वर्षं गेली, थांबायचं स्वयंपाकासाठीच.)
पहिला नाही
चहा नको म्हणतात तसा आला,
म्हणजे अर्धा कप चालेल.
दुसऱ्याने माफी मागितली.
तिसऱ्याच्या शेपटीला पण चिकटला.
पाचव्याला खोकला.
ती हसत नव्हती, शिकवत नव्हती,
काचेमागे काच नव्हतीच, समोरच बसून
म्हणायची, परत.

नवव्याला, का कोण जाणे,
तंबोरा दिसला.
यांनी विचारलेलं, पडूनच आहे ना, देऊन टाकू?
आणि मी वेळेवर, काळी चारमध्ये,
जे म्हणायचे तेच म्हटलं होतं.

नववा तिने ठेवला.

नाव काय लिहू, म्हणाली.
इथे मात्र अडले.
कानिटकरांकडे मी उर्मिला,
ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेली.
दुसऱ्या दिवशी त्या तांदळाचा भात झाला असेल.
भोंड्यांकडची मी कोण, ते
आता हाक मारणारं कुणी उरलं नाही.
दोन दिवस घेतले. मग फोन केला.
लिही, शरयू. आडनाव नको.
यू दीर्घ.

गाणं आलंय.
भाचा म्हणतो, मावशी, तू दोनच सेकंद आहेस.
मी घड्याळ लावून बघितलं, अडीच.
बोल इतके भरभर की निम्मे निसटतात,
जे कळतात ते मी पूर्वी
उशीत तोंड खुपसूनसुद्धा म्हटले नसते.
शिव्या दोन आहेत, एकीवर भागलं असतं.
आणि ढोल फार.
तिला तसं सांगितलं. म्हणाली,
नाही काकू, ढोल तसाच राहणार.

पहिल्या टेकला. सुरात.

नाव खाली बारीक अक्षरात आहे,
चष्मा लावून शोधलं.
यू ऱ्हस्व पडलाय.
उद्या परत फोन करणार आहे.