ओरखडा

पिवळी टिप, दोनशे मायक्रोलिटरची,
आणि तुस्कानोंचा हात.
बशीच्या तळाशी पेशींचा एकसंध थर,
शेजारी शेजाऱ्याला टेकून, कुणाचं काही बिघडलेलं नाही.
त्यावरून ते एक रेघ ओढतात.
पट्टी न लावता, श्वास रोखून, सरळ.

मग मीठपाण्याने दोनदा धुवायचं.
जखमेवर मीठ, म्हणाले होते पहिल्याच दिवशी,
इथे तो नियम आहे.
मला हसू आलं नव्हतं. नवीन होते,
आणि नाव नसलेल्या माणसाच्या पेशी
पहिल्यांदाच हातात आल्या होत्या:
नमुना एकशे चौदा, त्वचा, डावा दंड.

सदतीस अंश. दर दहा मिनिटांनी एक फोटो.
रात्री दोनपर्यंत काही होत नाही.
मग काठावरची एक पेशी
अंधारात चप्पल चाचपडावी
तसा एक पाय पुढे काढते.

कुणी सांगितलं तिला, पुढे मोकळं आहे म्हणून?
चार वर्षं मी हेच लिहितेय, आकृत्यांसकट,
आणि एवढंच हाती लागलंय की
बाजूचा स्पर्श गेला, तो तिला कळला.

सकाळी अकराला रेघ अर्धी.
चारला शोधूनही सापडत नाही. सगळ्या
एकमेकींना लागल्या आणि थांबल्या.
तुस्कानोंचे वडील वसईला शिंपी होते.
ते भिंगाला डोळा लावतात, म्हणतात, रफू.
सुई कुठाय ते मात्र विचारू नका.

खाली गेटसमोर पालिकेने खणलेला चर
फेब्रुवारीपासून आ वासून आहे.
त्यावर एक फळी. फळीवरून परळची अख्खी ओपीडी जाते,
फायली छातीशी धरून, एकेक करून.

दुसरी बशी.
हिला मी आठवड्यापूर्वी दहा ग्रे किरण दिले होते.
हिची रेघ जशीच्या तशी.
काठावर पेशी पसरट, थोराड, बसल्याजागी.
मेलेल्या नाहीत, मी रंग घालून पाहिलं.
फक्त एकीच्या दोन होणं त्यांनी बंद केलंय.
आतला धागा तुटला, सांधला,
पुन्हा पुन्हा वाचून पाहिला,
आणि कुठल्याशा एका अक्षराची खात्री पटेना.
चुकीची नक्कल पुढे कशाला द्या.

मी वहीत लिहिलं: प्रतिसाद नाही.

तुस्कानोंनी पेन मागितलं.
मेमध्ये निवृत्त होतायत. हात आता कापतो,
रेघ ओढायची वेळ सोडून.
त्यांनी 'नाही' तेवढं खोडलं,
नियमाप्रमाणे एकाच रेघेत,
खालचं वाचता येईल असं.
बाजूला सही. तारीख.

मग दोन्ही बशा ब्लीचमध्ये.
एकशे चौदाच्या अजून सहा कुप्या आहेत,
नायट्रोजनच्या टाकीत, खालून दुसरा कप्पा.