शून्य ठोके

नागझरीच्या काठाला, सोमवार पेठेत,
'सुखनिवास' पाडून झाल्यावर
मी जमिनीला चार भोकं घेतली.
तिसऱ्यात, सव्वादोन मीटरवर,
हातोडा नुसता टेकवला
आणि नळी स्वतःच्याच वजनानं खाली गेली.
अशा वेळी नोंदवहीत लिहायचं असतं:
ठोके शून्य.

वरचं सगळं लिहून झालं होतं.
शहाबादी फरशीचे तुकडे, विटांचा चुरा,
गंजलेला डालड्याचा डबा, एक निळी गोटी,
या सगळ्याला मिळून आमच्यात
एकच शब्द आहे, भराव.
खाली कातळ लागणार हे पुण्यात धरूनच चालायचं.
मधलं हे मऊ
कोणत्या रकान्यात बसवावं कळेना.

नळी उघडली. काळी माती,
तिच्यात चेपलेला चांदीचा वाळा,
माझ्या दोन बोटांत अडकेल एवढा.

बिरसू उराँवनं जेसीबी बंद केला.
सकाळपासून पहिल्यांदाच
स्लॅबखालून नागझरी वाहताना ऐकू आली.

मग सगळे आले.
बिल्डरचा माणूस, फोन कानाला लावूनच.
सेक्रेटरी पोंक्षे, भाड्याच्या पावत्यांची फाईल काखेत,
आता आणखी किती महिने?
डेक्कनहून एक मुलगी, ब्रश आणि कागदी पिशव्या घेऊन.
हवालदारानं पंचनाम्यासाठी विचारलं, वय?
ती म्हणाली, दात आलेले नाहीत.
एकूण किती?
ती मोजत राहिली, अकरानंतर थांबली,
पुन्हा पहिल्यापासून.
धर्म?
तिनं पिशवीच्या तोंडाला घडी घातली.

कोपऱ्यावर इस्त्रीचं टेबल लावणाऱ्या सगुणाबाई
हात पुसत आल्या.
"माझी सासू टाकीपाशी वाटीभर दूध ओतायची, दर अवसेला.
तळमजल्याच्या काकू भांडायच्या, मांजरं येतात म्हणून.
सासू म्हणायची, येऊ द्या की.
तिला तिच्या सासूनं सांगितलेलं.
पलेगाच्या साली म्हणं, का त्याच्याबी आधी.
बिनदाताचं जाळत न्हाईत ना, बाई.
वढ्याकडंला ठेवत्यात."

ठेवत्यात म्हणाल्या.
पुरत्यात नाही.

आम्ही भावंडं तीन. रेशनकार्डावर तीन,
दिवाळीच्या कपड्यांचा हिशेब तिघांचा.
पण ससूनमध्ये केसपेपर भरताना
नर्सनं विचारलं, बाळंतपणं किती,
तेव्हा आईनं चार बोटं वर केली
आणि माझ्याकडे पाहिलं नाही.
तुझ्या आधीचा, एवढंच घरी आल्यावर म्हणाली.
कुठल्या ओढ्याला, मी विचारलं नाही.
आता विचारायला ती नाही.

काम सहा आठवडे बंद राहिलं.
पिशव्यांवर नंबर पडले,
पिशव्या एका पेटीत, पेटी एका टेम्पोत.
टेम्पो मालधक्क्याच्या बाजूला वळला
एवढं मी पाहिलं.

तिथं आता दोन मजली पार्किंग येईल.
माझा अहवाल गेला:
शून्य ते सव्वादोन, भराव.
सव्वादोन ते दोन पूर्णांक नऊ, काळी माती,
अतिशय मऊ, भार घेण्यास अयोग्य, काढून टाकावी.
नियमानं असंच लिहायचं असतं.

उरलेला पश्चिमेचा कोपरा अजून खणायचा आहे.
शेऱ्याचा रकाना अरुंद असतो,
त्यात मी लिहिलं, इथे हळू खणा.
साहेबांनी लाल पेनानं खोडलं.
शेजारी लिहिलं,
कारण नमूद नाही.