परसदार

सदतीस वर्षं मी टपाल वाटलं
व्रात्साच्या वरच्या अंगाच्या चार गावांत,
आधी पायी, मग सायकलनं, शेवटी पुन्हा पायीच.
पुढचं दार बंद म्हणून पत्र परत नेणारी
मी नव्हे.
कुणाच्या गोठ्यातून, कुणाच्या द्राक्षमांडवाखालून,
बहिऱ्या इलियाच्या तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात घालून
पेन्शन ठेवायचे, मिरच्यांच्या बरणीखाली.

म्हणून डॉक्टर मिहोव जेव्हा पडद्यावर
माझ्या शिरांचा नकाशा लावून गप्प उभा राहिला
तेव्हा मला हसूच आलं.
पोरगा नातवाच्या वयाचा, शब्द शोधत होता.
मीच विचारलं, मानेत डावीकडे?
बंद.
उजवीकडे?
ती तर तीन वर्षांपूर्वीच.
आणि जांघेत?
तिथं दोनदा पू झाला. तुम्हाला आठवत असेल.
न आठवून सांगते कुणाला.

डाव्या हातात पूर्वी माझी एक मांजर होती.
म्हणजे फिस्टुला, धमनी अन् शीर जोडून केलेला.
बोट ठेवलं की गुरगुरायचा.
नऊ वर्षं तो हात उशाशी घेऊन झोपले.
फेब्रुवारीतल्या एका पहाटे जागी झाले, तर हात
नुसता हात होता.
नर्स पेन्कानं नळी लावून ऐकलं, पुन्हा ऐकलं,
मग म्हणाली, आजी, अर्धा कप चहा घ्या,
आजचा हिशेबात धरणार नाही.

मिहोवनं पडद्यावर बोट ठेवलं,
मणक्याच्या उजव्या कडेला,
जिथून एक जाड काळी रेघ वर चालली होती.
ही अजून उघडी आहे, म्हणाला.
पण हिच्याकडे जायचं तर मागून. कमरेतून.
आणि ही मिटली तर?
तर यकृतातून.
काळजातून म्हण ना सरळ.
आणि मग?
त्यानं चष्मा पुसला.
मी पुढं विचारलं नाही.

पालथं निजवलं. पाठीवर गार औषध.
पाठीवर मारा, पोटावर मारू नका, असं मी उशीतच पुटपुटले,
आणि वर कुणीतरी हसलं.
सुई दुखली नाही. दाब आला,
परसात उभं राहून कुणी
फळीला खांदा लावावा तसा.
बराच वेळ काही नाही.
मग मिहोवचा आवाज: आलो.

आता कुशीला दोन शेपट्या आहेत,
एक लाल टोपणाची, एक निळ्या.
उताणं निजता येत नाही, टबात बसायचं नाही,
जुना कमरपट्ट्याचा झगा गेर्गिनाला देऊन टाकला.
सोम-बुध-शुक्र, पहाटे साडेचारला, फाटकाशी मिनीबस.
आमच्या एका गल्लीतून आम्ही सातजण बसायचो,
एक घर सोडून एक.
कुणी म्हणतं पाण्यात आहे, कुणी म्हणतं पिठात.
शहरातून माणसं आली, विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून घेऊन गेली,
कळवतो म्हणाली.
टपाल मीच वाटत होते तेव्हा. तसलं पत्र
माझ्या हातून गेलेलं नाही.
आता बसमध्ये मी आणि गेर्गिना.
ती खिडकीकडे तोंड करून बसते.

चार तास यंत्राशी पडून काय करायचं?
मी घरं मोजते. कुठल्या घराला कुठून वाट होती.
इलियाशी आले की थांबते.
एका महिन्यात खिडकीतून हात घातला, बरणी उचलली,
तर आधीच्या महिन्याची पेन्शन
तशीच घडी घातलेली.

त्या दिवशी मी वळसा घालून पुढं गेले
आणि पहिल्यांदा त्याच्या दाराची कडी वाजवली.
बहिऱ्याच्या दाराची.
पुष्कळ वेळ वाजवली.