बेबाकी

वीस वर्षांचं कर्ज अकरा वर्षं चार महिन्यांत फिटलं
हे मी फक्त वॉर्डातल्या मालनबाईंना सांगितलं,
तेही सलाईनची बाटली बदलता बदलता.
"मग पेढे कुठायत?" त्या म्हणाल्या.

पेढ्यांचे पैसेही मुद्दलात गेले, मालनबाई.

हप्ता जायचा पाच तारखेला.
त्याच्या वर जे काही हाती लागे,
रात्रपाळीचा भत्ता, निवडणूक ड्यूटीचे साडेनऊशे,
भिशीत माझा नंबर लागला तो महिना,
पोलीस भरतीच्या फॉर्मांसाठी
दिगंबरच्या झेरॉक्सच्या दुकानावर रांग लागली
त्या पंधरवड्याचा गल्ला,
सगळं आम्ही स्टेशन रोडच्या शाखेत नेऊन ओतायचो.
काउंटरवरचा पोरगा दरवेळी विचारी,
"हप्ता कमी करू का मुदत?"
"मुदत," दिगंबर म्हणे,
डॉक्टरला दुखरी जागा दाखवावी
तसं कागदावर बोट ठेवून.

पगाराचा फरक आला तेव्हा गार्गी सातवीत होती.
मे महिना, परभणीत त्रेचाळीस.
ओल्या फरशीला पाठ टेकून ती म्हणाली,
"आई, फरक आलाय म्हणे. मग आता कूलर?"
पुढच्या उन्हाळ्यात, मी म्हणाले.
असे चार उन्हाळे आम्ही पुढे ढकलले.
हप्ता एकही नाही.

त्या फरकातले एक लाख चौदा हजार भरले.
रात्री दिगंबरनं तिच्याच वहीच्या मागच्या पानावर
हिशेब मांडला :
एकवीस महिने कमी झाले.
कुणीतरी ते आमच्या आयुष्याला जोडून दिल्यासारखा
तो बघत राहिला त्या आकड्याकडे.
गार्गी ओली चादर पांघरून झोपली होती.
चादर सकाळपर्यंत कडकडीत वाळायची.

गेल्या सोमवारी कागद परत मिळाले.
मूळ खरेदीखत, कोपऱ्याला टाचणीचा गंज,
खाली माझी सही, तेव्हाची, लपेटदार.
आणि वर एक नवं पान : बेबाकी प्रमाणपत्र.

शेजारचे कादरी सर, उर्दू शाळेतून निवृत्त,
गेटापाशी चष्मा कपाळावर नेऊन वाचू लागले.
"बेबाक. मोठा काफ, घशातून काढायचा,
तर अर्थ : काही उरलं नाही.
लहान काफ असेल, तर : भीती नाही.
मराठीनं दोघांना एकाच क मध्ये कोंबलं, बघा ताई."
मग स्वतःशीच हसून,
"काही हरकत नाही. एकाच्या भावात दोन पडले तुम्हाला."

आज पाच तारीख.
सकाळपासून फोन गप्प.
त्याच्या टुणकन वाजण्यानं अकरा वर्षं दचकले,
आज न वाजण्यानं दोनदा हात पुसून
बंद पडला की काय बघून आले.

संध्याकाळी दिगंबर रिक्षातून कूलर घेऊन आला,
नव्वद लिटरचा, रिक्षात न मावणारा,
स्वतः अर्धा बाहेर लटकत.
गार्गी लातूरला, क्लासच्या होस्टेलवर,
चौघींत एक पंखा.
फोनवर म्हणाली, "अगं लावा ना मग,
मला काय विचारायलीस?"
तिच्या मागे कुणीतरी मोठ्यानं सूत्रं पाठ करत होतं.

लावला.
वाळ्याचा वास घरभर पसरला,
तिच्या खोलीतही, बंद दाराखालून.
इतका गारवा सोसवेना म्हणून
मी पायांवर जाड पांघरूण ओढलं.

मध्यरात्री दिगंबर झोपेतच कुशीवर वळला.
"किती राहिले गं अजून?"

काही बाकी नाही, म्हणायला गेले
आणि बाकीतला क
घशातच अडकला.