वास

ओहोटीला आम्ही बायका गुडघाभर पाण्यात उतरतो.
दाताळ्यानं वाळू ओढायची, तिसऱ्या वेचायच्या,
लहान असेल ती परत टाकायची.
मापाची पट्टी कमरेला लटकते.
गालिसियाच्या या खाडीत सगळ्याला माप आहे.
माझ्या भावाला लावायला
माझ्याकडे पट्टी नव्हती, एवढंच.

ब्रेइशो.
होडीच्या इंजिनातला बिघाड
तो डोळे मिटून वासावर सांगायचा:
"तेल जळतंय, साबेला. दुसरा सिलिंडर."
त्याच नाकापायी त्यानं ते इंजिन विकलं.
मग होडी.
मग आईची कर्णफुलं. ती तिनं स्वतःच काढून दिली,
कारण दारात उभ्या दोघांनी
हेल्मेटं काढली नव्हती.

रात्री दिवे विझवून आत शिरणाऱ्या बोटी
कुणाच्या, हे आमच्याकडे विचारत नाहीत.
कुणाच्या घराला अचानक नवा मजला चढतो.
बाकीचे नाकासमोर बघून चालतात.
मीही चालले.

शुक्रवारी पगार. शनिवारी तो राजा,
समुद्र हलवून देईन म्हणायचा, आणि ऐकणाऱ्यांना पटायचं.
रविवारी पडदे ओढलेले.
सोमवारी माझ्याकडे रोखून बघत:
"तूच सांगितलंस ना त्यांना?"
कुणाला, काय, ते त्यालाही ठाऊक नसे.
आईच्या नाकी नऊ आले, आणि ती गेली.
तिच्या अंत्यसंस्काराला तो चार वेळा बाथरूमला गेला.
मी मोजलं.

एका पहाटे छातीत कळ.
वय चौतीस.
हृदयाचा डॉक्टर आलेखाचा कागद हातात धरून म्हणाला,
"सत्तरीच्या माणसाचा असता
तर मी दचकलो नसतो."

बाजाराच्या गावी दवाखाना आहे, बसनं चाळीस मिनिटं.
"औषध द्या," मी म्हटलं.
डॉक्टर लोउरिदो म्हणाल्या, "अफूच्या व्यसनाला आहे.
याला अजून खात्रीची गोळी नाही."
"मग?"
त्यांनी मासे ठेवायचं काचेचं भांडं
टेबलावर सरकवलं.
आत मासे नव्हते. चिठ्ठ्या होत्या.

लघवी स्वच्छ निघाली की एक चिठ्ठी काढायची.
पुढच्या खेपेला दोन. मग तीन.
मला राग आला. जत्रेतला जुगार हा,
आणि आमचं होत्याचं नव्हतं झालेलं.
पहिल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: शाब्बास.
बस्स.
बसमध्ये तो ती उलटसुलट करत बसला,
मागच्या बाजूला आणखी काही असेल म्हणून.

चौथ्या आठवड्यात तळणीचा तवा जिंकला.
लाल हँडलचा. मांडीवर घेऊन आला,
वाटेत कुणाला हात लावू दिला नाही.

सातव्या आठवड्यात पट्टीवर नको ती रेघ.
चिठ्ठी नाही. पुन्हा एकपासून मोजणी.
डॉक्टरांनी ओरडावं असं मला फार वाटत होतं.
त्यांनी कोरा कागद पुढे ठेवला:
"त्या दिवशी कुठल्या रस्त्यानं गेलात, काढून दाखवा."
त्यानं धक्का काढला, धक्क्यावरचा बार,
मावसभावाचं गॅरेज, खिशातला पगार.
पेन्सिल गॅरेजपाशी थांबली
आणि बराच वेळ तिथंच राहिली.

आता पगार माझ्या एप्रनमध्ये येतो.
तो डबाबंद माशांच्या कारखान्यामागून जातो,
अर्धा तास जास्त.
एक फोन नंबर पुसला. पाठ आहे म्हणतो,
ते कसं पुसायचं, त्यावर दर गुरुवारी बोलतात.

जानेवारीत, रात्रीच्या ओहोटीवरून येऊन
मी बुटांसकट खुर्चीत झोपले होते.
"साबेला," आतल्या खोलीतून त्याचा आवाज,
"दूध करपतंय."
मी धावले. गॅस बंद केला. भांड्याचा तळ काळा.
तो दारात उभा, मान वर,
नाकपुड्या हलताहेत,
पूर्वी इंजिनावर वाकायचा तसा.
मग म्हणाला, "तुझ्या बुटांना केवढी घाण येते."

मी काहीच बोलले नाही.
भांडं अजून घासतेय, निघत नाही.
गुरुवारी तपासणी आहे. बस सव्वाआठची.