तिन्ही रूपं सारखी

फळ्यावर मी तीनदा तोच शब्द लिहिला:
कट, कट, कट.
वर्तमान, भूत, आणि ते तिसरं रूप
ज्याचं नाव नववी ब ला कधीच आठवत नाही.
‘बेस आसा बाई,’ मंथन तारी म्हणाला,
‘पाठ करूकच नको.’

वाक्यं करा म्हटलं तर हात वर आले
रापणीत मासळी उसळावी तसे.
लाईट कट.
फोन कट, बापूस खडपाच्या फुडे गेलो काय.
मिठमुंबरीच्या पुलावर कोणीतरी
कोणाला तरी बायकीन कट मारल्यान.
स्टँडवर कटिंग, दोघांत एक.
सुरमईचो करी कट, हॉटेलवाल्यांका लागता तसो.
हर्षालीच्या मामाचा पगार,
आणि तिच्या स्वतःच्या भुवईतली ब्लेडने पाडलेली फट,
जिच्यासाठी हेडसरांनी तिच्या आईला बोलावलं होतं.
मी म्हटलं, ही सगळी एकाच शब्दाची पोरं.
‘मगे कट्टी पण?’ दुर्वा कोयंडेने विचारलं.
मला ठाऊक नव्हतं.
असेल, म्हटलं.

मी बार्शीकडची.
तारामुंबरीत आले तेव्हा आडाळ्यावर बसायला भ्यायचे.
बांगड्याचं पोट कुठून उघडायचं
ते शेजारच्या कुबलकाकूंनी शिकवलं:
‘पातीक हलवूचा नाय, बाई. माश्याक हलवूचा.’
ते वाक्य मी अजून
कुठल्या ना कुठल्या गोष्टीला लावून बघते.

मग मागच्या बाकावरून,
‘बाई, जाळा कट.’
वर्ग गप्प.
दिवाळीनंतरच्या आठवड्यात
रात्री दिवे पेटवून आलेली मोठी बोट
विघ्नेश सारंगच्या बापाच्या जाळ्यावरून
सरळ निघून गेली होती.
सकाळी बोये तेवढे
एकेकटे किनाऱ्याला लागले.
‘आणि नाव कट,’ तोच आवाज म्हणाला,
‘विघ्नेशाचा. तुमी केल्यात.’

खरं आहे.
तांबड्या पेनाने, पट्टी धरून,
कारण हजेरीत वाकडी रेघ
हेडसरांना चालत नाही.

कापते, कापलं, कापलेलं.
आपल्या भाषेत निदान
रक्त सुकलं की नाही ते कळतं.
या शब्दात कळत नाही.
कालची जखम आणि उद्याची सुरी
त्याच तीन अक्षरांत राहतात,
आणि पेपरात दोन्हींना सारखाच अर्धा गुण.

संध्याकाळी बाजारात विघ्नेशची आई होती,
पुढ्यात लाकडाचा ओंडका, हातात कोयती.
मी तिच्या कानांकडे बघितलं नाही.
म्हणजे, बघितलं.
काप गेले नि भोकं राहिली, असं आपण
किती सहज म्हणून जातो.
तिच्या भोकांत झाडूची काडी होती,
लहान मुलींच्या नव्या कानांत घालतात तशी,
बुजू नयेत म्हणून.

‘तुकडे किती, बाई?’
‘तुम्हाला वाटतील तितके.’
तिने मोजले नाहीत. कोयती पडत राहिली.
विघ्नेश कुठे, हे मी विचारलं नाही.
समोर, समुद्रात, जिथे बघावं तिथे
तो असू शकत होता.

कापण्याचे वीस रुपये तिने परत सारले.
‘ता ऱ्हवांदे. एक इचारू?
दाखल्यार कारण काय लिवल्यात?’

तो छापील रकाना
मी तिला वाचून दाखवला नव्हता.
तिने सही केली होती, सावकाश,
पूर्ण नावाची,
शेवटच्या अक्षरावर काना नीट देऊन.

‘पालकांच्या विनंतीवरून,’ मी म्हटलं.

तिने मनगटावर चिकटलेलं खवलं
पदराला पुसलं.
‘बरा,’ म्हणाली,
आणि माझ्या मागच्या गिऱ्हाइकाकडे वळली:
‘करी कट काय फ्राय?’