शेवटचा हात

थांब, लगेच बसू नकोस.
दहा मिनिटं अशीच उभी राहा, हात अंगापासून लांब,
पंखा दोनवर ठेवलाय.

तळवे पुसते, नखंही,
नाहीतर उद्या वाशीच्या स्टेजवर मूठ उघडशील
नि वाटेल, पोरगी मसाला कुटून आली.

काखेत, कोपरात, गुडघ्यामागे पावडर,
नुसती टेकवायची, चोळायची नाही.
पाणी स्ट्रॉनेच पी. थेंब ओघळला
तर पोटाच्या सहाही वड्यांवरून रेघ जाईल.

हा गाऊन माझ्या सासूबाईंचा. सैल आहे, काळा आहे, राहू दे तुलाच.
रिक्षात ही चादर अंथर,
दिवाळे कोळीवाड्यापर्यंत मागे टेकायचं नाही.

वीस वर्षं नेरुळच्या या गाळ्यात
मी पोरींना उजळ करून देतेय,
बघायला येणार असले की आदल्या दिवशी ब्लीच.
तू सावळीच आलीस, उज्ज्वला तांडेल,
नि म्हणालीस, ताई, अजून दोन हात मारा.

मारले.
नळी धुताना पाणी किती वेळ
चहासारखं वाहत होतं.

आता जा. आंघोळ उद्या रात्री.
अगं थांब,
चपला मी सरकवते पायात,
तू वाकू नकोस.